लाकडी मानचिन्हावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवण्यासाठी शोभेचे स्क्रू कोणते घ्यावेत?

आपला प्रश्न मला समजला तो असा. एका शिक्षणसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आपण सागवानी मानचिन्हे तयार करत आहात. फळी १० बाय १२ इंचांची, पॉलिश केलेली आहे. तिच्यावर ८ बाय १० इंचांचा, ३ मिमी जाडीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा येणार असून त्यावर लेझरने मजकूर कोरलेला आहे. चार कोपऱ्यांत पाट्या डोक्याचे पितळी स्क्रू लावून केलेल्या नमुन्यांपैकी काहींच्या भोकांपासून केसासारख्या चिरा निघाल्या. म्हणून मिरर कॅप (स्क्रूच्या डोक्यावर फिरवून बसणारी टोपी), स्टँडऑफ (तुकडा फळीपासून वर धरणारे नळकांडे), कप वॉशरसह (वाटीसारख्या वॉशरसह) स्क्रू आणि सोफ्याला मारतात तसे गोल टोपीचे खिळे, यांपैकी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

मानचिन्हे आणि देणगीदारांचे फलक करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि या चारही वस्तू माझ्या हाताखालून गेल्या आहेत. आपल्या मापाच्या मानचिन्हासाठी माझी पसंती कप वॉशरसह पितळी स्क्रूला किंवा चपटा वॉशर घातलेल्या मिरर कॅपला राहील. मात्र नुसती टोपी बदलल्याने आपल्या चिरा थांबणार नाहीत. त्या भोकाचे माप, स्क्रूच्या डोक्याचा आकार आणि तो किती आवळला आहे, या तीन गोष्टींमधून येतात. म्हणून आधी त्यांचा विचार करू आणि मग शोभेकडे वळू.

अ‍ॅक्रिलिकचा हा तुकडा जेमतेम १८० ग्रॅम वजनाचा आहे. एवढे वजन एकच स्क्रूही सहज पेलेल. त्यामुळे चार स्क्रूंचे काम वजन उचलण्याचे नसून दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या पदार्थांना, त्यांची हालचाल न अडवता, एकत्र ठेवण्याचे आहे. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने फुगते: एक मीटर लांबीमागे तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.०७ मिमी. आपल्या तुकड्यात लांबीच्या बाजूने दोन भोकांमधले अंतर २३० मिमीच्या आसपास असेल. कारखान्यात २५ अंशांना बसवलेले मानचिन्ह वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत ५५ अंशांपर्यंत तापले, तर तेवढ्या अंतरात अ‍ॅक्रिलिक सुमारे अर्धा मिमी वाढते, आणि सागवान त्याच्या लांबीच्या रेषेत जवळजवळ जागचे हलत नाही.

लाकडाची हालचाल निराळी असते. ते उष्णतेपेक्षा दमटपणाने फुगते, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेने. साग या बाबतीत गुणी लाकूड आहे. तरीही फळी चपटी, म्हणजे खोडाच्या वलयांना समांतर, चिरलेली असेल आणि तिच्यातील ओलाव्याचे प्रमाण चार टक्क्यांनी बदलले, तर १८० मिमी अंतरामागे सव्वा मिमीच्या आसपास फरक पडतो. पुण्यात मार्चमध्ये तयार केलेले मानचिन्ह रत्नागिरीच्या घरात पावसाळा काढणार असेल, तर एवढा बदल गृहीत धरावा. विदर्भात जाणार असेल तर हिशेब उलटा होतो, कारण तिथल्या उन्हाळ्यात फळी आकसते आणि त्याच वेळी अ‍ॅक्रिलिक वाढते. फळी सागाच्या पातळ पत्र्याने मढवलेल्या प्लायची किंवा एमडीएफची असेल, तर लाकडाच्या बाजूची काळजी बरीच कमी होते. आपण ती भरीव सागाची आहे असे लिहिले आहे, म्हणून दोन्ही हालचाली धरूनच पुढचे सांगतो.

आता आपल्या नमुन्यात काय झाले असावे ते पाहा. ६ नंबरच्या स्क्रूची दांडी साडेतीन मिमीची असते. भोकही साडेतीन किंवा चार मिमीचे ठेवले, तर अ‍ॅक्रिलिकला सरकायला जागा उरत नाही, आणि वाढलेला प्रत्येक अंश भोकाच्या कडेवर दाब होऊन बसतो. त्यात स्क्रूचे डोके पाटे, म्हणजे खालून निमुळते आहे. असे डोके लाकडात आवळले की लाकूड थोडे दबून त्याला जागा करून देते. अ‍ॅक्रिलिक दबत नाही. तिथे ते निमुळते डोके पाचरीसारखे आत शिरते आणि भोक चारही बाजूंनी ताणते. ज्या दिशेला कड जवळ असते त्या दिशेला चीर निघते. कोपऱ्यातल्या भोकाची चीर बहुधा तिरपी, नेमकी कोपऱ्याकडे का जाते, याचे उत्तर यातच आहे. अ‍ॅक्रिलिकमध्ये काउंटर मारून, म्हणजे भोकाचे तोंड निमुळते कोरून, पाटा स्क्रू बसवणे दिसायला फार सुबक वाटते, पण ३ मिमीच्या तुकड्यात ते करूच नये असे माझे ठाम मत आहे.

म्हणून ६ नंबरच्या स्क्रूसाठी अ‍ॅक्रिलिकमधले भोक ५ मिमीचे ठेवा. स्क्रू त्या भोकाच्या बरोबर मध्यभागी आला की प्रत्येक बाजूला पाऊण मिमी मोकळी जागा राहते, आणि वर काढलेली हालचाल दोन टोकांत विभागली जात असल्याने ती पुरते. भोकाचे केंद्र कडेपासून किमान १० मिमी आत असावे. १२ मिमी मिळाले तर अधिक चांगले. आपला मजकूर कडेपर्यंत गेला असेल तर तो थोडा आत घेण्याचा आग्रह ग्राहकाकडे धरा. भोक कडेला सरकवून मजकूर वाचवण्याचा मार्ग मात्र टाळा.

भोक कसे पाडले यावरही पुष्कळ अवलंबून असते. लाकडाचे किंवा लोखंडाचे नेहमीचे ड्रिल बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये पलीकडून बाहेर पडताना अडकते आणि कडेचा टवका उडवते. अ‍ॅक्रिलिकसाठी टोक अधिक उभे घासलेले बिट मिळते. ते नसेल तर पायरीचे, म्हणजे स्टेप बिट वापरावे. वेग मध्यम ठेवावा, हात हलका असावा, तुकड्याखाली सपाट लाकूड घट्ट धरावे, आणि वरचा संरक्षक कागद तोपर्यंत काढू नये. लेझरने पाडलेले भोक काचेसारखे गुळगुळीत दिसते, परंतु वितळून पुन्हा थिजलेल्या त्या कडेत ताण साठून राहिलेला असतो. अशा कडेला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लागले, की काही मिनिटांत तिच्यातून बारीक जाळीसारख्या रेघा उमटू शकतात. बसवण्यापूर्वी आपण बोटांचे ठसे स्पिरिटने पुसले असतील, तर काही नमुने फुटले आणि काही टिकले याचे एक कारण तेही असू शकेल. कापणाऱ्याकडे एक चौकशी जरूर करा: शीट कास्ट (साच्यात ओतलेली) आहे की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली)? कास्ट शीट असे द्रव जास्त सोसते, आणि लेझरने कोरलेली अक्षरेही तिच्यावर दुधी, ठसठशीत उमटतात. किमतीतला फरक मानचिन्हाच्या एकूण खर्चात फारसा जाणवत नाही.

एवढे पक्के झाल्यावर शोभेच्या वस्तूंकडे येऊ. गोल टोपीच्या खिळ्यांचा विचार सोडून द्या. ते हातोडीने मारावे लागतात, हातोडीचा प्रत्येक घाव अ‍ॅक्रिलिकवर उतरतो, आणि उद्या नावात चूक निघाली तर तुकडा न मोडता खिळा निघत नाही. शिवाय खिळा किती आवळला गेला हे आपल्या हातात राहत नाही, आणि या कामात सगळे महत्त्व त्यालाच आहे.

स्टँडऑफ ही सुंदर वस्तू आहे. नळकांडे लाकडावर स्क्रूने बसते, अ‍ॅक्रिलिक त्याच्या तोंडावर टेकते आणि वरून आट्यांची टोपी फिरवून बसवतात. धरण्याची पद्धतही निकोप आहे, कारण दाब सपाट पृष्ठावर येतो आणि भोक मोकळे ठेवता येते. कार्यालयांतील नामफलक आणि भिंतीवरचे मोठे फलक यांसाठी मी तेच सुचवतो. आपल्या मापाच्या मानचिन्हावर मात्र दोन अडचणी येतात. पहिली दिसण्याची. १९ मिमी व्यासाची टोपी २०० मिमी रुंदीच्या तुकड्यावर मजकुरापेक्षा जास्त लक्ष वेधते. माझा ठोकताळा असा, की टोपीचा व्यास तुकड्याच्या लहान बाजूच्या साधारण विसाव्या भागाइतका असावा. आपल्या बाबतीत १० ते १२ मिमी. दुसरी अडचण सावलीची. अ‍ॅक्रिलिक लाकडापासून १२ मिमी वर उचलले गेले, की कोरलेल्या अक्षरांची सावली फळीवर वेगळी पडते. मोठ्या शीर्षकाला ती खुलून दिसते. पण मानपत्रासारखा चार-पाच ओळींचा बारीक मजकूर असेल, तर प्रत्येक ओळीखाली एक पुसट ओळ उभी राहते आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. देवनागरीत हे अधिक जाणवते, कारण शिरोरेघेची सावली नेमकी अक्षरांच्या पोटातून जाते. स्टँडऑफच वापरायचे असतील तर मजकूर कमी आणि अक्षरे मोठी ठेवा, आणि फळीचे पॉलिश गडद घ्या.

मिरर कॅप म्हणजे ज्या स्क्रूच्या डोक्यात आटे पाडलेले असतात आणि त्यावर छोटी घुमटाकार टोपी फिरवून बसते, तो प्रकार. आरशांसाठी तो पूर्वापार वापरात आहे. दिसायला तो सर्वांत नीटस, कारण स्क्रूची खाच दिसत नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की टोपीखालचे स्क्रूचे डोके बहुधा निमुळतेच असते आणि ते सरळ अ‍ॅक्रिलिकच्या भोकात बसवले तर पाचरीची अडचण जशीच्या तशी परत येते. त्यामुळे डोक्याखाली निमुळती खळी असलेला, पण खालून सपाट असा वॉशर घालावा, आणि टोपीचा व्यास तो वॉशर झाकेल इतका घ्यावा. टोपी बोटाने फिरवून बसवावी. पक्कड लावली तर तिच्या झिलईवर दातांचे ओरखडे उमटतात, आणि टोपी फिरवण्याच्या नादात खालचा स्क्रूही आवळला जातो.

कप वॉशर हा वाटीसारखा पितळी वॉशर असतो. पाट्या डोक्याचा स्क्रू त्याच्या वाटीत बसतो आणि अ‍ॅक्रिलिकवर वाटीची गोल कड टेकते. म्हणजे आपण आणून ठेवलेले स्क्रू वाया जात नाहीत. स्क्रूची खाच दिसते, पण जुन्या लाकडी पेट्या आणि वाद्ये आवडणाऱ्यांना ती शोभेचाच भाग वाटते. चारही स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला उभ्या ठेवल्या तर काम हाताने केलेले असूनही शिस्तीचे दिसते. वाटीची कड पातळ असल्यामुळे दाब अरुंद वर्तुळावर येतो, म्हणून तिच्याखाली पातळ नायलॉनचा, शक्यतो पारदर्शक वॉशर हवाच. खर्च, दुरुस्तीची सोय आणि सागवानाशी जुळणारे रूप हे सगळे धरून, शंभर मानचिन्हांचे काम माझ्याकडे असते तर मी हाच पर्याय घेतला असता.

वॉशरच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. नळासाठी मिळणारे मऊ पीव्हीसीचे वॉशर अ‍ॅक्रिलिकखाली किंवा वर वापरू नका. त्यांना मऊ ठेवणारे रसायन हळूहळू बाहेर येते आणि ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यानेही चिरा पडतात. नायलॉन, पॉलिथिलीन किंवा सिलिकॉन घ्या. असाच एक वॉशर, सुमारे १ मिमी जाडीचा, अ‍ॅक्रिलिक आणि लाकूड यांच्यामध्येही ठेवा. अ‍ॅक्रिलिक थेट पॉलिशवर टेकले तर जिथे दोन्ही चिकटतात तिथे ओल्यासारखे डाग दिसतात, आणि पॉलिश ताजे असेल तर तुकडा कायमचा चिकटू शकतो. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश हाताला कोरडे लागले तरी त्यातले द्रावक पुढे काही दिवस बाहेर पडत असतात. ती वाफ बंद जागेत कोंडून अ‍ॅक्रिलिकच्या ताणलेल्या कडांना लागू देऊ नये. फळी नाकाजवळ धरून वास येतो का ते पाहावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, ती उघडी ठेवावी. एवढी सवड मिळत नसेल तर निदान अ‍ॅक्रिलिकखाली येणारा भाग आधी पॉलिश करून घ्यावा.

धातूचे म्हणाल तर ते मानचिन्ह कुठे राहणार यावर ठरते. कोकणात किंवा गोव्यात, समुद्राच्या हवेत जाणार असेल तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील सर्वांत निर्धास्त. पितळच हवे असेल तर वरून लॅकर दिलेले घ्या, नाहीतर ते काळवंडते आणि कोणीतरी ते पितळेच्या पॉलिशने चकाकवायला जातो. ते पॉलिश मग कोरलेल्या अक्षरांत जाऊन पांढरे बसते. दुकानात 'पितळी' म्हणून मिळणारे अनेक स्क्रू पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी असतात. लोहचुंबक जवळ नेले की लगेच कळते. मुलाम्याचा लोखंडी स्क्रू कोरड्या घरात टिकेल, पण दमट भिंतीवर तो गंजतो आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो तांबूस डाग लपत नाही. भरीव पितळेचे स्क्रू आणि टोप्या मोठ्या प्रमाणावर जामनगरहून येतात. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारल्यास बहुतेक मापे मिळतील. सगळा माल एकाच खेपेतला घ्या, कारण दोन खेपांच्या पितळाच्या रंगात फरक असतो आणि एकाच फळीवर तो उठून दिसतो. अ‍ॅक्रिलिक पारदर्शक असल्याने बाजूने पाहताना भोकातली दांडीही दिसते, हे विसरू नका. सोनेरी टोपीखाली काळी किंवा निळसर दांडी वाईट दिसते. ३ मिमीच्या कडेतून प्रकाश आत जातो आणि खडबडीत भोकाची भिंतही पांढरी चमकते.

पितळ मऊ असते, आणि सागात ते नुसते पिळून घालू गेलात तर डोके तुटून दांडी आत राहते. आधी अडीच मिमीचे पायलट भोक, म्हणजे स्क्रूला वाट करून देणारे बारीक भोक, पाडा, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा म्हणजे लाकडात आटे तयार होतील, आणि त्यानंतर पितळी स्क्रूला थोडे मेण लावून तो हाताने बसवा. बॅटरीचा ड्रायव्हर या कामात वापरू नका. स्क्रू टेकल्याची जाणीव मनगटाला झाली की थांबा आणि पाव फेरा मागे घ्या. वरचा वॉशर बोटाच्या नखाने ढकलल्यावर जरासा फिरला पाहिजे, पण तुकडा खुळखुळता कामा नये. स्क्रू पुढे सैल होतील अशी भीती वाटून आट्यांवर लावायचे लॉकिंगचे द्रव वापरू नका. बहुतेक प्रकार अ‍ॅक्रिलिकला अपायकारक असतात. लाकडातला आटा स्क्रू पुरेसा धरून ठेवतो, आणि खालचा वॉशर सिलिकॉनचा असेल तर त्याची लवचीकता उरलेले काम करते. झटपट चिकटणारा गोंदही जवळ आणू नका. त्याच्या वाफेने अ‍ॅक्रिलिकवर पांढरी धूसर छटा येते आणि ती कोरलेल्या अक्षरांतून निघत नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. संरक्षक कागद भोके पाडेपर्यंत ठेवायचा, पण स्क्रू लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी पूर्ण काढायचा. तो समारंभापर्यंत राहावा म्हणून स्क्रूखाली दाबून ठेवला, तर ऐनवेळी ओढताना वॉशरखाली त्याच्या चिंध्या अडकून राहतात. वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून बसवून झाल्यावर वरून वेगळा मऊ कागद गुंडाळावा.

आपल्याकडे चिरलेले जे नमुने आहेत त्यांतले अ‍ॅक्रिलिक बदला. चीर टोपीखाली झाकता येईल एवढी छोटी असली तरी ती तेवढी राहत नाही, पुढच्या उन्हाळ्यात वाढते. फळ्या मात्र वाया घालवू नका. लाकडातली भोके बरोबर जागी असतील तर नवीन तुकड्यात त्याच केंद्रांवर ५ मिमीची भोके पाडा. लाकडातले आटे झिजले असतील तर सागाची बारीक खुंटी गोंद लावून भोकात ठोका, एक रात्र वाळू द्या, कडेला सपाट करा आणि पुन्हा अडीच मिमीचे पायलट भोक पाडा. वॉशरखाली ही दुरुस्ती दिसत नाही. असे एक दुरुस्त मानचिन्ह भर दुपारच्या उन्हात आणि रात्री न्हाणीघराच्या दमट हवेत चार-पाच दिवस आलटून पालटून ठेवा, आणि भोकांच्या कडा तिरप्या उजेडात भिंगाने तपासा. तिथे एकही रेघ नसेल तर उरलेल्या सर्व मानचिन्हांची भोके निःशंक पाडायला घ्या. संस्थेला ती सुपूर्द करताना प्रत्येक पेटीत एक छापील चिठ्ठी ठेवा: फक्त सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड वापरावे, काच पुसण्याचा फवारा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नये.